सीरम तेच, मग नागपुरात चेहरा का ओढतो?

पत्र : मी मूळची रत्नागिरीची, वय २७. नोव्हेंबरपासून नोकरीसाठी नागपुरात आहे. गावी दोन वर्षं एकच हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम लावत होते, चेहरा छान तुकतुकीत राहायचा. इथे तेच सीरम लावलं की अर्ध्या तासात गाल ओढल्यासारखे होतात. मार्चपासून गालांवर आणि नाकाच्या बाजूला पांढुरकी सालं निघतायत. कपाळ मात्र तेलकटच. ऑफिसात दिवसभर एसी, खोलीवर कूलर. आई म्हणते गुलाबपाणी-ग्लिसरिन लाव. मैत्रीण युरियाचं क्रीम सुचवते. मोबाइलवर सारखं येतं की पॉलीग्लुटॅमिक ॲसिड हे हायलुरॉनिकपेक्षा कितीतरी पट भारी. नक्की काय घेऊ? शिवाय बाबांच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. त्यांना युरियाचं क्रीम पाठवलं तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचं सीरम बिघडलेलं नाही आणि तुमची त्वचाही रातोरात कोरड्या जातीची झालेली नाही. बदलली आहे ती हवा. नवीन बाटली घेण्याआधी एक प्रयोग करून पाहा, खर्च जवळजवळ नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सपाट बशीत १० ग्रॅम ग्लिसरिन घ्या, पातळ पसरवा आणि खोलीत उघडं ठेवा. धूळ आणि मुंग्या जपा. हीच बशी जुलैत रत्नागिरीच्या पडवीत ठेवली असती, तर काही दिवसांत तिचं वजन २० ग्रॅमच्या आसपास गेलं असतं आणि पाकासारखं दाट ग्लिसरिन पातळ झालं असतं. मे महिन्यात दुपारच्या नागपुरी हवेत काटा साडेदहाच्या पुढे फारसा सरकत नाही.

कारण असं. हवेत आर्द्रता ८० टक्के असते तेव्हा ग्लिसरिन जवळपास आपल्या वजनाइतकं पाणी धरून ठेवू शकतं. ५० टक्क्यांवर ते वजनाच्या पाव हिश्शावर येतं. २० टक्क्यांवर जेमतेम विसावा हिस्सा उरतो. ग्लिसरिन तेच, बाटली तीच, पण त्याची पाणी धरायची ऐपत हवा ठरवते. ही गोष्ट फक्त ग्लिसरिनची नाही. ज्यांना ह्यूमेक्टंट म्हणतात, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे घटक, त्या सगळ्यांना थोड्याफार फरकाने हाच नियम लागू आहे. हे घटक पाणी तयार करत नाहीत. जिथे असेल तिथून ओढून घेतात. किनाऱ्यावर ते हवेतून मिळतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवाच तहानलेली असते, मग पाणी येतं ते तुम्ही लावताना चेहऱ्यावर असलेल्या ओलीतून आणि त्वचेच्या खालच्या थरातून. वर झाकण नसेल तर तेही हवेत निघून जातं.

कणीक मळून झाल्यावर वरून तेलाचा हात फिरवतो किंवा ओलं फडकं टाकतो ते याचसाठी. आत पाणी पुरेसं असतं, तरी उघडी राहिली की वरचा पापुद्रा वाळतो. त्या पापुद्र्यावर अजून पाणी शिंपडून उपयोग होत नाही. रत्नागिरीत तुमची कणीक ओल्या फडक्याखाली होती, नागपुरात ती उघड्यावर आली आहे. म्हणून 'हायलुरॉनिक की ग्लिसरिन की युरिया' हा प्रश्न तुमच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न : वरून काय लावता? पत्रात सीरमनंतरच्या क्रीमचा उल्लेखच नाही. ते नसेल, तर निम्मं दुखणं तिथेच सापडलं.

आता एकेक घटक पाहू, तुमच्या सीरमपासून.

हायलुरॉनिक ॲसिड १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळं केलं. नावातला 'हायलॉस' म्हणजे ग्रीक भाषेत काच. आपल्या त्वचेच्या आतल्या थरात, सांध्यांत, डोळ्यांत ते असतंच. पण बाटलीतलं वरून लावलेलं हायलुरॉनिक त्या आतल्या साठ्यात जाऊन भर घालत नाही. त्याचा रेणू अवाढव्य असतो, नेहमीच्या प्रकारात दहा लाख डाल्टनच्या घरातला (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप). त्वचेतून आत शिरायला साधारण ५०० डाल्टनच्या आतला रेणू लागतो. ग्लिसरिनचा आहे ९२. बारीक तुकडे केलेलं हायलुरॉनिकही मिळतं, २० ते ५० हजार डाल्टनचं. ते वरच्या थरात थोडं अधिक मुरतं, पण काहींच्या चेहऱ्याला तेच चरचरतं.

'स्वतःच्या वजनाच्या हजार पट पाणी धरतं' हे वाक्य तुम्ही हजारदा वाचलं असेल. त्याचा अर्थ तपासून पाहा. १ ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात घातली तर पाणी बुळबुळीत होतं, एवढं खरं. पण ते पाणी बांधलेलं नसतं, फक्त दाट झालेलं असतं. जिलेटिनची जेली उघडी ठेवली तर सुकतेच ना? तसंच. पाणी उडालं की मागे राहतो पातळसा पापुद्रा, आणि वाळताना तो आक्रसतो. भाताची पेज हातावर सांडून वाळली की कातडी कशी ओढते ते आठवा. अर्ध्या तासात गाल ओढतात ही तुमची तक्रार बहुतेक याच पापुद्र्याची आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत तो पुरता वाळतच नव्हता, म्हणून चेहरा तुकतुकीत दिसायचा.

मग ते टाकून द्यायचं का? नाही. हायलुरॉनिक चिकट लागत नाही, तेलकट कपाळाला जड होत नाही आणि क्रीमखाली बारीक रेषा तात्पुरत्या भरलेल्या दिसतात. बाटली संपेपर्यंत वापरा, पण मात्रा कमी करा. पूर्ण चेहऱ्याला ३ थेंब पुरतात, तेही ओल्या चेहऱ्यावर. सात-आठ थेंब चोपडले की वरून सनस्क्रीन लावताना बोटांखाली शेवया निघतात. सनस्क्रीनला दोष देऊ नका, त्या शेवया बहुतेक न वाळलेल्या पापुद्र्याच्या असतात. आणि बाटलीवरच्या '२ टक्के' या आकड्याने हुरळून जाऊ नका. मोठ्या रेणूचं हायलुरॉनिक १ टक्का घातलं तरी द्रावण दाट जेल होतं. खरोखर २ टक्के असतं तर ड्रॉपरमधून थेंब सुटायला त्रास झाला असता. सीरम पाण्यासारखं वाहत असेल, तर त्यात बारीक तुकड्यांचा भरणा आहे किंवा तो आकडा आधीच पातळ केलेल्या मिश्रणाचा आहे.

पॉलीग्लुटॅमिक ॲसिडचं लवकर आटोपतं. जपानी लोक आंबवलेलं सोयाबीन खातात, नाट्टो म्हणतात त्याला. ते काट्याने उचललं की ज्या तारा सुटतात त्या याच पदार्थाच्या. रेणू मोठा, वरच बसणारा, वाळला की पापुद्रा धरणारा. तुमचा त्रासच पापुद्र्याचा असताना त्याच स्वभावाची दुसरी, जास्त महागाची बाटली कशाला?

आईचा सल्ला मात्र मोडीत काढू नका. ग्लिसरिन हा या सगळ्यांत जुना, स्वस्त आणि आमच्या मते तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा घटक आहे. कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर उकळताना तो शोधला. साबणाच्या कारखान्यात तो जोडीला निघतोच, म्हणून स्वस्त. पण स्वस्त म्हणजे दुय्यम नव्हे. रेणू लहान असल्याने तो वरच्या मृत पेशींच्या थरात शिरतो आणि तिथे मुक्काम करतो. सकाळी चेहरा धुतला तरी सगळा निघून जात नाही, रोज लावलं की साठा वाढत जातो. आणखी एक काम तो करतो, ज्याची जाहिरात फारशी होत नाही. पेशींच्या मधली चरबी कोरड्या हवेत थिजून कडक होते, ग्लिसरिन तिला मऊ ठेवतं. शिवाय मेलेल्या पेशी एकमेकींपासून सुटून गळायला पाणी लागतं. ते नसलं की त्या अर्धवट चिकटून राहतात, त्याच तुम्हाला सालं म्हणून दिसतात. गालावरची सालं घासून काढायची नसतात ती यामुळेच. ओल मिळाली की ती आपली आपण सुटतात.

चूक होते ती प्रमाणात. घरोघरी गुलाबपाणी आणि ग्लिसरिन निम्मं-निम्मं मिसळतात. ग्लिसरिन पाण्यापेक्षा सव्वा पट जड असल्याने वजनाच्या हिशेबात ते मिश्रण ५५ टक्क्यांच्या वर जातं. क्रीममध्ये ३ ते १० टक्के असतं, फार कोरड्या कातडीच्या औषधी क्रीममध्ये २० पर्यंत. ५५ टक्के चेहऱ्यावर लावलं की चिकटपणा, त्यावर नागपूरची धूळ, आणि कोरड्या हवेत खालच्या थरातून पाणी उपसणं. निव्वळ ग्लिसरिन लावल्यावर जी चुणचुण होते ती याच उपशाची.

प्रमाण असं ठेवा : अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच मिली पाणी किंवा गुलाबपाणी, त्यात ग्लिसरिनचे २ थेंब. हे साधारण ५ टक्के होतं. एका वेळेपुरतं तळहातावर कालवा आणि लगेच लावा. हात-पायांसाठी त्याच पाण्यात ४ थेंब. बाटलीभर करून ठेवायचा मोह टाळा. एवढ्या पातळ मिश्रणात जंतू आणि बुरशी मजेत वाढतात. ग्लिसरिन स्वतः टिकतं ते त्याच्या दाटपणामुळे, एकदा पाणी घातलं की ती राखण गेली. करायचंच असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन दिवसांपुरतं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. गुलाबपाण्याचं काम फक्त वासाचं आहे, ओलाव्यात ते काही भर घालत नाही. बाजारातल्या पुष्कळ बाटल्यांत सुगंध मिसळलेला असतो, काहींत अल्कोहोलही. सालं निघत असताना साधं पाणी बरं. आणि त्यात लिंबू पिळायची जी जोड बऱ्याच घरांत असते, ती नको. लिंबाचा रस फटफटीत आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेलात तर डाग पडू शकतात.

ग्लिसरिन मेडिकलमधूनच घ्या, बाटलीवर 'आयपी' अशी खूण बघून. ती भारतीय औषधकोशाच्या दर्जाची खूण. कारखान्यात वापरायचं ग्लिसरिन दिसायला सारखंच असतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता. ते ग्लिसरिन पोटात गेलं होतं, चेहऱ्यावर लावण्याशी त्याची बरोबरी नाही. पण सुटं, कॅनमधलं, लेबल नसलेलं ग्लिसरिन घरात का आणू नये ते यावरून कळतं.

युरिया. मैत्रिणीचा सल्ला चांगला आहे, फक्त वेळ चुकीची आहे. त्वचेच्या वरच्या थरात निसर्गतःच एक ओलावा धरणारं मिश्रण असतं. त्यात सुमारे ४० टक्के अमिनो आम्लं, १२ टक्क्यांच्या आसपास पीसीए (अमिनो आम्लापासूनच बनणारा घटक), तेवढंच लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार) आणि ७ टक्के युरिया. म्हणजे युरिया त्वचेला परका नाही. त्याचं वैशिष्ट्य असं की प्रमाण बदललं की त्याचं कामच बदलतं. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो ओलावा धरतो. २० च्या पुढे तो कातडीतल्या केराटिन या चिवट प्रथिनाचे बंध सैल करतो, जाड थर मऊ करून सोडवतो. ४० टक्क्यांचं मलम घट्टे आणि जाड नखं यांच्यासाठी असतं, तेही डॉक्टरांना विचारून. मेडिकलमध्ये 'युरिया क्रीम द्या' एवढंच म्हणाल तर हातात १० येईल, २० येईल किंवा ४० सुद्धा. ट्यूबवरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सालं निघत असलेल्या, चिरलेल्या त्वचेवर युरिया झोंबतो. म्हणून आज गालांना तो नको. पंधरा दिवसांनी सालं बसली, पण स्पर्श अजून खरखरीत राहिला, तर ५ टक्क्यांचं क्रीम आठवड्यातून दोन रात्री, डोळ्यांपासून दोन बोटं लांब. आधी तीन रात्री जबड्याखाली वाटाण्याएवढं लावून बघा. मिनिटभर हलकं चुणचुणलं तर हरकत नाही, दहा मिनिटांनी लाल झालं तर धुऊन टाका आणि विसरा. ट्यूब उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला तर ती फेका. पाण्यात युरिया हळूहळू फुटतो आणि अमोनिया सुटतो, क्रीम अल्कधर्मी होतं आणि तेच मग त्वचेला चावतं. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मेच्या उन्हात खिडकीशी ठेवलेल्या ट्यूबची ही गत लवकर होते. शेतकरी घरातल्या वाचकांसाठी एक पुरवणी, कारण हा प्रश्न खरोखर विचारला जातो : खताच्या पोत्यातला युरिया अंगाला लावू नका. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, बाययुरेटसारखे अवशेष असतात, आणि शुद्धतेचा हिशेब पिकासाठी केलेला असतो, कातडीसाठी नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. पॅन्थेनॉल (ब-५ जीवनसत्त्वाचं एक रूप) १ ते ५ टक्के, झोंबत नाही, चिडलेल्या त्वचेला शांत करतं. क्रीममध्ये ग्लिसरिनच्या जोडीला दिसलं तर तेच क्रीम उचला. सोडियम पीसीए उत्तम, पण एकटं फारसं विकायला येत नाही. १२ टक्क्यांचं अमोनियम लॅक्टेट लोशन हातापायांच्या खरखरीला छान, चेहऱ्याला नको, आणि ते लावलेला भाग उन्हापासून झाकावा लागतो. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच. लावला की गार वाटतं, वाळला की पुन्हा पेजेचाच प्रकार. ताजं पान कापलं तर सालीलगतचा पिवळा चीक वाहून जाऊ द्या, तो खाजतो. मध ओलावा धरतो, पण चेहऱ्यावर दिवसभर घेऊन फिरायची ती वस्तू नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉलवर मात्र नजर ठेवा. स्वस्त आणि चांगला ह्यूमेक्टंट आहे, पण काहींच्या त्वचेला तो चक्क लागतो. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१८ साली त्याला त्या वर्षीचा ॲलर्जन म्हणून निवडलं होतं. त्वचा चिडलेली असताना लेबलवर तो पहिल्या चार-पाच नावांत असेल तर ट्यूब परत ठेवा. ब्युटिलीन ग्लायकॉल त्यापेक्षा सौम्य.

लेबल वाचायची एक युक्ती. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, पण १ टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं परिरक्षक १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणून ते नाव दिसलं की तिथे मनात रेघ मारा, तिच्याखालचं सगळं साधारण १ टक्क्याच्या आतलं. ग्लिसरिन पाण्यानंतर दुसरं किंवा तिसरं असावं. हायलुरॉनिक (लेबलवर सोडियम हायलुरोनेट) रेघेखाली दिसलं तर फसवलं म्हणून चिडू नका, त्याला ०.१ टक्कासुद्धा पुरतो. युरिया किंवा ग्लिसरिन रेघेखाली दिसलं तर मात्र ते नावापुरतं आहे. पुष्कळदा असं आढळेल की 'हायलुरॉनिक'च्या नावाने विकलेल्या क्रीममध्ये ओलाव्याचं खरं काम दुसऱ्या क्रमांकावरचं ग्लिसरिन करत असतं.

तुमचा दिवस असा लावू या. सकाळी चेहरा नुसत्या कोमट पाण्याने. साबण नको, साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास, आणि वर सांगितलेलं ते नैसर्गिक मिश्रण पाण्यात विरघळणारं असल्याने साबणाबरोबर वाहून जातं. पंचाने टिपा, पण पुरता कोरडा करू नका. बोट फिरवल्यावर ओल लागली पाहिजे. त्यावर सीरमचे ३ थेंब. मिनिटाच्या आत, चेहरा ओलसर असतानाच, क्रीम. गालांना मटारच्या दोन दाण्यांएवढं, कपाळाला अर्धा दाणा. क्रीममध्ये ग्लिसरिन वरच्या क्रमांकांत आणि सोबत डायमेथिकोन (एक सिलिकोन) किंवा सेरामाइड (त्वचेत असते तशीच चरबी) असावं. ते तुमचं दिवसाचं झाकण. पाच-सात मिनिटं थांबून सनस्क्रीन. इतकं थांबलात तर शेवया निघणार नाहीत.

ऑफिसात पाण्याचा फवारा चेहऱ्यावर मारू नका. वरचं पाणी उडताना चेहरा आणखी कोरडा पडतो. एसी हवेतल्या वाफेचं पाणी करून नळीतून बाहेर टाकतो, खिडकीखाली टपकतं ते पाणी तेच. ते परत आणता येत नाही, पण झोत तरी चेहऱ्यावरून वळवता येतो. पट्ट्या छताकडे करा किंवा खुर्ची सरकवा. दुपारी गाल ओढले तर बोटं ओली करून वाटाण्याएवढं क्रीम थापटा.

तुमचा कूलर इथे तुमच्या बाजूचा आहे. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की खोलीतली आर्द्रता चांगलीच चढते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते उशाशी ठेवा. काटा ५५-६० दाखवत असेल तर रात्री ग्लिसरिन उत्तम चालेल. थंडीत कूलर बंद असतो तेव्हा तोच काटा खाली दिसेल, आणि त्याच दिवसांत झाकण वाढवावं लागेल.

रात्री सौम्य क्लेंझर, ओल्या चेहऱ्यावर तळहातावरचं ते ५ टक्क्यांचं ग्लिसरिन किंवा सीरम (दोन्ही नको), मग क्रीम, आणि फक्त गालांवर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात. तांदळाच्या दाण्याएवढी जेली दोन्ही गालांना पुरते. झाकण म्हणून तिच्यापुढे कुठलंही तेल टिकत नाही. पण एकटी कोरड्या त्वचेवर लावलीत तर ती कोरडेपणालाच झाकून ठेवेल. कपाळावर नको, आणि उन्हाळ्यात दिवसा अजिबात नको, घामाने चिकचिकाट होतो. दहा दिवसांत गालांची ओढ थांबायला हवी.

नाकाच्या बाजूच्या सालांबद्दल एक शंका. ती जर पिवळसर, किंचित तेलकट असतील, खालची त्वचा लालसर असेल, भुवयांत किंवा डोक्यातही कोंडा असेल, तर तो कोरडेपणा नाही. सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह, असू शकतो, तेलकट कपाळाच्या लोकांत तो नेमका तिथेच दिसतो. त्यावर कुठलाही ह्यूमेक्टंट चालत नाही, बुरशीविरोधी औषध लागतं. गाल सुधारले आणि नाकाची बाजू तशीच राहिली, तर आणखी क्रीम न बदलता त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

आता बाबा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे इथे नियम कडक. आधी व्हिडिओ कॉलवर टाचा नीट बघा, किंवा आईंना बघायला सांगा. भेगेत रक्त, लाली, ओल, वास किंवा काळपटपणा असेल तर काहीही न लावता डॉक्टरांकडे, लगेच. तसं काही नसेल, भेगा कोरड्या आणि वरवरच्या असतील, तर १० टक्के युरियाचं क्रीम चालतं. रात्री पाय धुऊन टिपल्यावर एका टाचेला अर्धा छोटा चमचा, वर सुती मोजा. मोजा घालायचाच, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरेल. बोटांच्या बेचक्यांत क्रीम जाऊ देऊ नका, तिथे ओल साचून बुरशी धरते. २० टक्के आणि पुढचं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, ब्लेड, वज्री, दगडाने खसाखसा घासणं, हे तिन्ही बंद. आणि तुमच्या घरी कोकमतेलाचा गोळा असणारच. भेगांना तो उत्तम झाकण आहे, युरियाच्या क्रीमवरून बोटाने चोळून लावला तर जोडी छान जमते. पण दिव्यावर वितळवून कढत थेंब भेगेत सोडायची जी रीत काही घरांत आहे, ती बाबांच्या बाबतीत नको. भाजलेलं त्यांना कळणारही नाही. तळव्यात धरला की गोळा लावण्यापुरता मऊ होतो.

गणपतीला गावी जाल तेव्हा जेली आणि जाड क्रीम नागपुरातच ठेवा. तिथल्या हवेत ते गालांवर बसणार नाही, कपाळावर पुटकुळ्या मात्र येतील. सीरमची बाटली तेवढी पिशवीत टाका, तिकडे ती पुन्हा पहिल्यासारखी वागेल.